भागधारकाला हुसकावण्याचा हा परवाना रद्द करा!

कंपनी उभी राहताना ज्याच्या हजार-दोन हजार रुपयांसाठी दारोदार अर्ज वाटले जातात, तोच छोटा भागधारक कंपनी भरभराटीला आली की मालकाच्या डोळ्यांत सलू लागतो. कंपनी विकत घेणारा नवा धनी त्याला बजावतो : हा घे भाव आणि चालता हो! भाव कोण ठरवणार? त्याच धन्याने नेमलेला मूल्यांकनकार. मंजुरी कुणाची? त्याच धन्याच्या मतांची. हा सौदा नव्हे, ही बळजबरी आहे. आणि तिच्यावर कायद्याचा शिक्का उमटतो, याची आम्हाला चीड येते.

रायपूरला हा विषय परका नाही. मंदिर हसौद आणि रायगढ येथे कारखाने असलेली मोनेट इस्पात दिवाळखोरीत निघाली, २०१८ मध्ये जेएसडब्ल्यू आणि आयॉन कॅपिटल यांच्या हाती गेली, नावही बदलले आणि २०२३ मध्ये ती जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली : २१ शेअरमागे १. ज्याच्याजवळ २० होते, त्याच्या वाट्याला एक सबंध शेअरही आला नाही. तो दर गैर होता, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या कंपनीचे शेअर निदान बाजारात होते. न पटणाऱ्याला विकून मोकळे होता येत होते. खरा घात होतो तो बाजारातून नाव काढून घेतलेल्या कंपनीत.

बाजारातून बाहेर पडताना बाजार-नियामक सेबीचा पहारा असतो. सार्वजनिक भागधारकांची अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान दुप्पट लागतात. एकदा कंपनी बाहेर पडली की हा पहारा उठतो. मग मागे राहिलेल्यांवर कंपनी कायद्याच्या ६६व्या कलमाची भांडवल-कपात चालवली जाते, म्हणजे पैसे हातावर ठेवून त्यांचे शेअरच रद्द केले जातात. तिला सभेत तीन-चतुर्थांश मते पुरतात आणि त्यांतून प्रवर्तकांची मते वगळली जात नाहीत! ९० टक्क्यांच्या मालकाला सभा भरवायची ती केवळ इतिवृत्तापुरती. पुण्याच्या सँडविक एशियातली अशीच कपात एकल न्यायाधीशांनी रोखली होती. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती मंजूर केली.

अशाच कपातीपुढे कॅडबरी इंडियाचे मूठभर भागधारक मात्र हटले नाहीत. कंपनीने २००९ मध्ये शेअरमागे १,३४० रुपये पुढे केले. न्यायालयाने स्वतः मूल्यांकनकार नेमला आणि २०१४ मध्ये भाव ठरला २,०१४.५० रुपये. शेअरमागे ६७४.५० रुपयांचा फरक! ही माणसे गप्प बसली असती, तर हा पैसा कुणाच्या घशात गेला असता?

पण रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या निवृत्त शिक्षकाने हे कसे लढावे? छत्तीसगढचे कंपनी न्यायाधिकरण कटकला. गळचेपीविरुद्ध दाद मागायची तर १०० सभासद, नाहीतर सभासदांचा किंवा भांडवलाचा दहावा हिस्सा गोळा करा! दुबळ्याच्या मताला मोल देणारी वाटही आहे : सहकाराचे इथले अध्वर्यू वामनराव लाखे यांनी १९१३ मध्ये याच शहरात सहकारी बँक उभी केली. सहकारात प्रत्येक सभासदाला एक मत. कंपनीत मत माणसाला नाही, शेअरला. म्हणूनच तिथे दुबळ्याला कायद्याचे कवच अधिक हवे.

६६वे कलम तातडीने बदला. ज्यांचे शेअर जाणार, त्यांचेच वेगळे मतदान घ्या. त्यात प्रवर्तकाला मत नको. मूल्यांकनकार न्यायाधिकरणाने नेमावा, त्याचा संपूर्ण अहवाल सभेआधी प्रत्येक भागधारकाच्या हाती पडावा आणि छत्तीसगढच्या तक्रारींची सुनावणी रायपुरात व्हावी.