यंत्राचे डोळे आणि कामगाराचे हात

बाटल्या, औषधाच्या गोळ्या, कापड यांतील दोष हेरण्याचे काम अनेक कारखान्यांत आता कॅमेरे करतात. ४० लाख बिंदूंचा कॅमेरा सेकंदाला ५०० चित्रे टिपतो, तेव्हा बिंदूमागे एक बाइट धरली तरी सेकंदाला २०० कोटी बाइटचा लोंढा येतो. तो झेलून थेट संगणकाच्या स्मृतीत पोहोचविणाऱ्या कार्डाला ‘फ्रेम ग्रॅबर’ म्हणतात.

डोळे शिणविणारे हे काम यंत्राने घेतले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न लाभाच्या वाटणीचा आहे. आज अशा कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारी सीमॉस चिप १९९०च्या दशकात एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत विकसित केली. म्हणजे तिच्या मुळाशी सार्वजनिक पैसा आहे. समाजाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या साधनाचा नफा मालकाला आणि बेकारी तपासनिसाला, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. शिवाय तपासणीचा अडसर दूर होताच पट्ट्याचा वेग वाढविता येतो आणि उरलेल्या कामगारांची दमछाक होते.

म्हणून यंत्राला सरसकट विरोध करण्याऐवजी, ते बसविण्यापूर्वी वाटाघाटी, पट्ट्याच्या वेगावर मर्यादा, पगार न घटविता कामाच्या तासांत कपात आणि नव्या कामाचे शिक्षण, या मागण्या कामगार संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत.