नाकतोडा नव्हे, खंडोबाचा किडा

पावसाळा सरत आला की मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीत पॅसेजमधल्या ट्यूबलाइटपाशी कधी एखादा हिरवा, लांब मानेचा किडा येऊन बसतो. ‘नाकतोडा!’ अशी आरोळी उठते आणि कुणीतरी चप्पल उचलते.

तो नाकतोडा नसतो. नाकतोडा पाने कुरतडतो, हा माश्या, पतंग, झुरळे पकडून खातो. गंमत म्हणजे त्याचे जवळचे नातलग झुरळ आणि वाळवी! जरा वेळ समोर उभे राहावे. त्रिकोणी डोके सावकाश वळते आणि तो खांद्यावरून मागे, थेट आपल्याकडे बघतो. पुढचे काटेरी पाय छातीशी जोडलेले असतात. भक्ष्य टप्प्यात आले की ते अडकित्त्यासारखे मिटतात.

त्या जोडलेल्या पायांत युरोपला भक्ती दिसली. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये युरोपातल्या जातीला ‘मँटिस रिलिजिओसा’ म्हटले. ‘मँटिस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भविष्य सांगणारा. आपल्या पुस्तकांतला ‘प्रार्थना कीटक’ही त्याच कल्पनेतून आला. पण ही प्रार्थना नव्हे, शिकारीचा पवित्रा आहे. मराठीतले ‘खंडोबाचा किडा’ हे नाव कितीतरी सरस. खड्गधारी देवाचे नाव या शिकाऱ्याला शोभते. शिवाय देवाच्या किड्यावर चप्पल उगारताना हात थबकतो, हे त्या नावाचे मोठेच काम.

वरळीत आता चाळी जाऊन चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांना 500 चौरस फुटांचे घर मिळाले, हे न्याय्यच झाले. पण 121 चाळींच्या मधल्या जागांत वाढलेल्या झाडाझुडपांचा हिशेब कोण ठेवणार?

या किड्याला फार काही लागत नाही. मादी फांदीवर फेस सोडते. तो वाळून खरखरीत, मातकट गोळा होतो आणि आत अंडी सुरक्षित राहतात. माळ्याला तो कचरा वाटतो. हा किडा फुलपाखरेही खातो, त्यामुळे त्याला औषधफवारणीचा पर्याय समजू नये. त्याला जपायला तो इथला जुना रहिवासी आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

नव्या सोसायट्यांनी आवारात थोडी देशी झुडपे फवारणीविना राखावीत, छाटणीत असा गोळा दिसला तर ती फांदी राहू द्यावी. आणि मुलांनी विचारले, तर नाव खंडोबाचा किडा असेच सांगावे.