क्वांटम शिकायचंय? आधी सोल्डरिंग शीक!

परवा रात्री सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, सहा आठवड्यांचा ऑनलाइन क्वांटम कोर्स आहे. फी चाळीस हजार. करू का?" पोरगा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागून ताईचा आवाज, "अरे, नोकरी लागेल का ते विचार!"

खरा प्रश्न ताईचाच.

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत सहा हजार कोटी रुपये. एवढा पैसा दिसला की क्लासवाले जागे होणारच. आयटीच्या लाटेत आपण हे पाहिलंय.

मी इथे कोलोरॅडोत मायक्रोवेव्ह सर्किट्सवर काम करतो. सुपरकंडक्टिंग क्वांटम संगणकाची चिप निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक शतांश अंशावर ठेवावी लागते. ते जमवायचं म्हणजे व्हॅक्यूम पंप सांभाळा, हेलियमची गळती शोधा, केबल जोडा, सिग्नलमधला नॉइज कमी करा. ही कामं करायला पीएचडीच लागते असं नाही. कोलोरॅडो विद्यापीठ आणि रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या २१ क्वांटम कंपन्यांशी बोलून २०२० साली एक निबंध छापला. त्यातही प्रयोगशाळेतला अनुभव, प्रोग्रॅमिंग आणि आकडेवारीची समज यांनाच मोठं मोल दिसलं.

आपलं घोडं अडतं ते इथेच. एआयसीटीईने डिसेंबर २०२४ मध्ये पदवीसाठी क्वांटमचा मायनर अभ्यासक्रम जाहीर केला, प्रयोगांसकट. छान आहे. पण माझ्या कॉलेजात एका ऑसिलोस्कोपभोवती आठ जण उभे असायचे आणि जर्नल सगळ्यांचं एकाच्याच वहीवरून उतरवलेलं! ते चित्र जिथे अजून बदललेलं नाही, तिथे नवा अभ्यासक्रमही वहीतच राहणार. मिशनच्या पैशातला एक वाटा तालुक्याच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याला म्हटलं, "थिअरी नेटवर फुकट मिळते. लिनिअर अल्जिब्रा पक्कं कर. एक अँप्लिफायर स्वतः बनव आणि त्याचा नॉइज मोजून मला दाखव. उद्या क्वांटमचा फुगा फुटला तरी हे ज्ञान रडारला चालेल, मोबाइलला चालेल."

ताईने फोन घेतला. "मग ते चाळीस हजार?"

"त्यात त्याला जुना ऑसिलोस्कोप घेऊन दे."