गिटारवाल्याचा पहिला बेस : घेण्याआधीचा हिशोब

कलापथकात गिटार वाजवणारी मुले हल्ली तीन-तीन, चार-चार असतात. खालचा स्वर धरणारा मात्र एकही नसतो. मग त्यांच्यातल्याच एकाला सगळे म्हणतात, "तू बेस घे." घरात आधीच लाकडी गिटार असते. तिला वीज लागत नाही, ॲम्प्लिफायर लागत नाही. तेव्हा बेसही तसाच, म्हणजे अकूस्टिक घ्यावा, असे त्याच्या मनात येते. दिसायला ती आपल्याच गिटारची थोरली बहीण. तारा चारच, म्हणजे दोन कमी. मग अवघड ते काय?

हा प्रश्न तरुण वाचकांकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडूनही आमच्याकडे वारंवार येतो. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही त्याला देत आहोत. आम्ही पेशाने कारकून. दिवसा खतावणी आणि संध्याकाळी कलापथकाची सतरंजी, असा आमचा दिनक्रम. संगीताचे पंडित म्हणून आम्ही लिहीत नाही. पण एखादी वस्तू घेताना तिच्या मागून येणारा खर्च कोठे लपला आहे, हे पाहण्याची सवय नोकरीने आम्हाला लावली आहे. या खरेदीत ती सवय कामाची आहे. कारण आपल्याकडे वाद्य घेतले जाते ते भिशीच्या पैशातून, बोनसमधून किंवा पतपेढीचे कर्ज काढून. ते वाद्य चुकीचे निघाले तर महिनाभराने खिळ्याला लटकते, आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "बघा, संगीताचे खूळ होते, उतरले." खूळ नसते हो, वाद्य चुकीचे असते.

आधी नाव नीट समजून घ्या

जुन्या वादकांना "अकूस्टिक बेस" म्हटले की डबल बास आठवतो. माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे, व्हायोलिनसारखे दिसणारे ते वाद्य. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ते होते. जाझमध्ये आजही आहे. त्याच्या गळ्यावर फ्रेट नसतात आणि त्याचे शिक्षणच वेगळे आहे. आपण बोलतो आहोत ती अकूस्टिक बेस गिटार. ही मांडीवर घेता येते. तिचे पोट पोकळ, मधे गोल भोक, गळ्यावर फ्रेट आणि चार जाड तारा. चौकशी करताना पूर्ण नाव सांगावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

या चार तारांचे स्वर ई, ए, डी, जी. तुमच्या गिटारच्या जाड चार तारांचेही स्वर हेच आहेत. बेसवर ते एक सप्तक खाली असतात, एवढाच फरक. त्यामुळे कोणता स्वर कोणत्या फ्रेटवर, हे गिटारवाल्याला नव्याने शिकावे लागत नाही. ही त्याची जमेची बाजू.

आवाज का येत नाही?

आता नावेची बाजू पाहू. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा. इतक्या खोल स्वराची हवेतली लाट २७ फुटांच्या आसपास लांब असते. एवढी हवा हलवायची तर वाद्याचे पोट तसेच मोठे हवे. डबल बासला ते आहे. मेक्सिकोतल्या मारियाची गायकांच्या ताफ्यात गिटारोन नावाचे वाद्य असते, त्याचे पोट पाठीमागे चांगलेच फुगलेले असते. तेथला वादक एका वेळी दोन तारा छेडून तोच स्वर दोन सप्तकांत वाजवतो, म्हणजे तो लांबवर पोहोचतो.

त्या गिटारोनवरूनच अमेरिकेतील एर्नी बॉल यांना कल्पना सुचली. जॉर्ज फुलर्टन यांना सोबत घेऊन त्यांनी १९७२ साली अर्थवूड नावाची अकूस्टिक बेस गिटार बाजारात आणली. तिचे पोट चांगलेच मोठे आणि खोल होते. आवाज होता, पण मांडीवर सांभाळणे सोपे नव्हते. १९८५ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. व्हायोलंट फेम्स या अमेरिकन बँडच्या १९८३ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ब्रायन रिची यांचा अकूस्टिक बेस ठळक ऐकू येतो. त्यातला ढोलाचा ताफा अगदी लहान आहे, हेही त्याचे एक कारण आहे.

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेसचे पोट त्या मानाने उथळ असते, कारण ती मांडीवर बसली पाहिजे. म्हणजेच खोल स्वराला लागेल एवढे पोट तिला नसते. खोलीत एकटे बसून वाजवले तर गोड लागते. हळू वाजणाऱ्या एका गिटारबरोबरही चालते. पण शेजारी ढोलकी आली, पेटी आली आणि चार आवाज कोरसला लागले, की बेस वाजतो आहे हे फक्त वाजवणाऱ्याच्या छातीला कळते.

कोणी म्हणेल, "मग ते अनप्लग्ड कार्यक्रम कसे होतात?" एमटीव्हीने १९८९ साली ती मालिका सुरू केली. एरिक क्लॅप्टन यांच्या १९९२ च्या कार्यक्रमात नेथन ईस्ट यांच्या हातात, आणि निर्वाना बँडच्या नोव्हेंबर १९९३ च्या मुद्रणात क्रिस्ट नोवोसेलिक यांच्या हातात अकूस्टिक बेसच होती. पण नाव काहीही असले तरी त्यांच्या बेसचा आवाज वायरीतूनच श्रोत्यांपर्यंत गेला. या वाद्याची कीर्ती अशा कार्यक्रमांतून पसरली आणि वायर मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही.

एक महिना फुकटची परीक्षा

दुकानात जाण्याआधी एक महिना थांबा. आपल्या गिटारवर बारीक दोन तारा नाहीतच असे समजा. उरलेल्या चार तारांवर एका वेळी एकच स्वर वाजवायचा. कॉर्ड नाही, झणकार नाही. पिक बाजूला ठेवून तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवा. गाण्याच्या प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर पहिल्या ठोक्यावर आणि त्याचा पाचवा स्वर तिसऱ्या ठोक्यावर, एवढेच करा. दुसऱ्या गिटारवाल्याला कॉर्ड वाजवू द्या. एक अख्खे गाणे, सात-आठ कडव्यांचे, असे न थकता आणि न कंटाळता वाजवता आले, तर तुम्ही बेसवाले आहात. मधेच हात चुळबुळला, तान मारावीशी वाटली, तर ती काही वाईट गोष्ट नाही; पण मग पैसे गिटारवरच खर्च करा.

एक सूचना : गिटारच्या तारा सैल सोडून त्या सप्तकभर खाली आणू नका. त्या लोंबकळतात आणि फ्रेटवर खडखडतात. बेसच्या जाड तारा गिटारवर चढवण्याचा उद्योगही करू नये.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट लांबी. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याला स्केल म्हणतात. अकूस्टिक गिटारचा स्केल साधारण साडेपंचवीस इंच असतो, पूर्ण लांबीच्या बेसचा ३४ इंच. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत गिटारवर पावणेचार इंचांहून थोडे जास्त अंतर पडते. ३४ इंची बेसवर ते सुमारे ५ इंच होते. लहान पंजाच्या मुला-मुलींची तेथे ओढाताण होते. ३० आणि ३२ इंचांचेही बेस मिळतात. ३० इंचांवर तेच अंतर साडेचार इंच भरते, आणि गिटारवरून येणाऱ्या हाताला ते लवकर मानवते. मात्र लांब स्केलवर जाड ई तार अधिक ताणलेली राहते आणि तिचा स्वर स्पष्ट येतो. आमचे मत असे : हात पुरत असेल तर ३४, नसेल तर संकोच न करता ३० किंवा ३२. मोठी लांबी घेतली म्हणून कोणी मोठा वादक होत नाही.

दुसरी गोष्ट पोट आणि तोल. बसून तर पाहाच, पण पट्टा लावून उभे राहूनही पाहा. हात सोडल्यावर गळा जमिनीकडे झुकत असेल, तर डावा हात वाजवण्याऐवजी तो गळा उचलण्यातच दमेल. पोट एवढे मोठे नको की उजवा हात त्यावरून तारांपर्यंत जाताना खांदा वर चढावा.

तिसरी गोष्ट गळा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये जाड कागदाएवढी बारीक फट असावी. फट फार मोठी असेल किंवा मुळीच नसेल, तर गळ्यातील लोखंडी सळई फिरवून ती दुरुस्त करता येते का, ते दुकानातच करून दाखवायला सांगा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटर असली तर हाताला ठीक. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. पंधरा मिनिटे लागतील. दुकानदार घड्याळाकडे पाहील, पाहू द्या. पैसे तुमचे आहेत.

चौथी गोष्ट घोडी. तिच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल, तर ती उचकटू लागली आहे. घोडीच्या मागचे लाकूड फार फुगलेले असेल तर वाद्य ठेवून द्या. जुने वाद्य घेताना ही तपासणी चुकवू नये.

पाचवी गोष्ट लाकूड. वरची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज चांगला, पण किंमत जास्त आणि हवेचा त्रासही जास्त. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत, थर चिकटवून केलेली फळी अधिक टिकाऊ ठरते. पहिल्या बेसला ती पुरेशी आहे. कोणतीही घेतली तरी ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पिकअप. घोडीच्या पट्टीखाली बसवलेला पिकअप आणि बाजूला आवाज कमी-जास्त करायच्या कळा असलेलीच बेस घ्या. बहुतेकांत नऊ व्होल्टची बॅटरी लागते. पिकअप नसलेली बेस स्वस्त मिळते आणि नंतर बसवून घेऊ म्हणून घेतली जाते. पण नंतरचा खर्च फरकाहून जास्त होतो. दुकानात वायर जोडून चारही तारा सारख्या जोरात ऐकू येतात का, ते तपासा.

आता वही काढा

वाद्यांचे भाव दर सणाला बदलतात, म्हणून आम्ही आकडा लिहीत नाही. खाती तेवढी सांगतो. खाते पहिले, वाद्य. दुसरे, कडक किंवा जाड मऊ पेटी. तिसरे, वायर आणि पट्टा. चौथे, तारांचा एक जादा संच. बेसच्या तारांचा संच गिटारच्या संचापेक्षा बराच महाग असतो, हे गिटारवाल्याच्या ध्यानात नसते. पाचवे, गळा आणि तारांची उंची जुळवून घेण्याची कारागिराची मजुरी. सहावे, ॲम्प्लिफायर, आणि तोही बेसचाच. गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये बेस लावून आवाज चढवला तर त्याचा स्पीकर खराब होऊ शकतो. सहा खात्यांची बेरीज करा आणि मगच ठरवा. फक्त पहिल्या खात्याएवढे पैसे जमले असतील, तर अजून वेळ झालेली नाही.

आता स्टेजविषयी. मैदानातल्या जयंतीच्या कार्यक्रमात मोठे स्पीकर लागतात. त्यांचा आवाज बेसच्या पोकळ पोटात शिरतो, तेथून पिकअपमध्ये आणि परत स्पीकरमध्ये. मग एकच घूं-घूं सुरू होते आणि माईकवाला बेस बंदच करून टाकतो. गोल भोकाला रबरी झाकण लावले तर हा त्रास कमी होतो, जात नाही. म्हणून ज्यांना मुख्यत्वे मैदानी कार्यक्रमच करायचे आहेत, त्यांनी सरळ इलेक्ट्रिक बेस घ्यावी. लिओ फेंडर यांनी १९५१ साली भरीव लाकडाची बेस विक्रीला आणली, त्यामागे वाहून न्यायची आणि ऐकू येण्याची हीच अडचण होती. आजही साधी इलेक्ट्रिक बेस अनेकदा चांगल्या अकूस्टिक बेसपेक्षा कमी पैशात मिळते.

मग अकूस्टिक कोणी घ्यावी? घरगुती बैठका, सभागृहातले छोटे कार्यक्रम, मुलांचे गाण्याचे वर्ग यांत जो वाजवणार आहे त्याने. रात्री दहानंतर दहा बाय दहाच्या खोलीत सराव करायचा असतो त्याने. तेथे तिचा लहान आवाज हाच तिचा गुण ठरतो. पलीकडचे बाळ उठत नाही. तारांपैकी नायलॉनचे वेष्टन असलेल्या तारा आवाजाला मऊ आणि बोटांना सोप्या. ब्राँझच्या तारा चमकदार, पण बोट सरकताना चिरकतात.

आणि शेवटी कान

वाद्य घरी आल्यावर गिटारची एक सवय मोडावी लागेल. गिटारवर तारा वाजत राहिल्या तर शोभा येते. बेसवर न वाजणारी तार हाताने दाबून गप्प ठेवावी लागते. स्वर कधी सुरू करायचा याइतकेच तो कधी थांबवायचा हे महत्त्वाचे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ती गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत. आता पुन्हा एकदा फक्त खालचा स्वर धरून ऐका. कलापथकात ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताशेजारी बसा. त्या बाजूचा घुमारा आणि तुमचा स्वर एकमेकांवर आदळले तर दोन्ही मातीमोल. एकमेकांना जागा दिली तर गाणाऱ्याचा आवाज आपोआप उचलला जातो.

बेसवाल्याला टाळ्या कमी मिळतात, हे आईवडिलांनी आणि मुलांनी आधीच समजून घ्यावे. गाणे संपल्यावर लोक गायकाचे नाव विचारतात, फार तर ढोलकीवाल्याचे. पण एखाद्या रात्री बेसवाला आला नाही, तर तेच लोक म्हणतात, "आज गाण्यात काहीतरी कमी होते." काय कमी होते, ते त्यांना सांगता येत नाही. ज्याला एवढी दाद पुरते, त्याने खुशाल वही काढावी आणि सहा खात्यांची बेरीज करायला बसावे.