विषाणू दबला, तरी दुखणे का थांबत नाही?

‘रिपोर्ट चांगला आहे, गोळ्या चालू ठेवा.’ एचआयव्हीचे उपचार घेणारा सेलूचा रुग्ण असो की मुंबईचा, हे वाक्य ऐकून तो समाधानाने घरी परततो. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झालेला असतो. तरीही काहींची रात्री तळपायांची आग थांबत नाही, अंग ठणकत राहते. घरचे म्हणतात, ‘मनाचं आहे सगळं.’ पण या दुखण्यामागे मेंदूतली दाहाची प्रक्रियाही असू शकते.

वेदना आवरण्यासाठी आपल्या शरीराकडे स्वतःची ‘अफू’ असते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे द्रव्य वेगळे केले. मॉर्फिन ज्या ग्राहकांवर (पेशीवरच्या कुलपांवर म्हणा) काम करते, तीच कुलपे एन्केफॅलिन आणि एण्डॉर्फिनही उघडतात. ती उघडली की वेदनेचा निरोप मंदावतो.

एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूत शिरतो. तो चेतापेशींना सहसा लागण करत नाही; मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत ठाण मांडतो. या पेशी दाह निर्माण करणारी रसायने सोडत राहतात. औषधांनी विषाणू दबला, तरी हा दाह मंद धुमसत राहू शकतो. विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाच्या ग्राहकाचा आधार घेतो. हा ग्राहक काही पेशींवर ओपिऑइड ग्राहकाच्या शेजारीच असतो. दाहातली रसायने सीसीआर-५ ला चेतवतात, तेव्हा शेजारचा ओपिऑइड ग्राहक बोथट होतो. उंदरांच्या मेंदूत अशी रसायने सोडल्यावर वेदनाशामकांचा परिणाम घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हे पुरावे मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवरचे आहेत, पण रुग्णाची तक्रार गांभीर्याने घ्यायला तेवढे पुरेसे आहेत.

भारतात २००४ पासून एआरटी मोफत मिळते आणि तिने असंख्य जीव वाचवले. आता यशाचे माप केवळ व्हायरल लोड असू नये. दर भेटीत ‘कुठे दुखतं का?’ हा प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर नोंदवावे. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, क्षयरोगाच्या औषधांचा परिणाम ही कारणेही तपासावीत. मॉर्फिनच्या जातीची औषधे हे सोपे उत्तर नव्हे; ती याच बोथट झालेल्या यंत्रणेवर चालतात आणि त्यांचे व्यसनही लागू शकते.

लहान गावात ओळखीची माणसे पावलोपावली भेटतात. आजार उघड होईल या भीतीने रुग्ण डॉक्टरांना टाळून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतो. टेनोफोव्हिर घेणाऱ्याला डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाच्या दृष्टीने धोक्याच्या ठरू शकतात. कायदा रुग्णाच्या बाजूने आहे: २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय आजार उघड करता येत नाही. ही हमी सेलूच्या दवाखान्याच्या खिडकीपाशी प्रत्यक्ष जाणवली, तर दुखणे सांगायला रुग्ण पुढे येईल. एआरटीच्या गोळ्या मात्र दुखण्याला कंटाळून कधीही बंद करू नयेत.