पायदानावर उभी केलेली गाणी

नव्या लाटेच्या मराठी चित्रपटांतील सर्वोत्तम दहा गाणी कोणती, हा वाद रसिकांमध्ये अधूनमधून उफाळून येतो. 'जैत रे जैत'मधले कोणते गाणे पहिले, 'उंबरठा'तले 'सुन्या सुन्या' त्याच्या वर की खाली, 'सिंहासन'मधल्या सुरेश भटांच्या गाण्याला कितवे स्थान, अशी ही मांडणी असते. जालन्यात गांधी चमनच्या आसपास संध्याकाळचा चहा घेणाऱ्या निवृत्त मास्तरांपासून आमच्या एम. ए.च्या वर्गातील मुलांपर्यंत प्रत्येकाची यादी तयार आहे आणि प्रत्येक जण तिच्यासाठी हिरीरीने भांडायलाही तयार आहे. आम्ही याच जिल्ह्यात मराठी शिकवणारी काही अध्यापक मंडळी आहोत. गाण्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांशी आमचे वैर नाही. आमचा विरोध यादीला आहे, आणि तो खेळीमेळीचा नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

क्रमवारीची सवय आपल्याला लावली ती 'बिनाका गीतमाला'ने. १९५२च्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात अमीन सायानींनी 'पायदान' हा शब्द घरोघर पोहोचवला. परंतु गीतमालेचा व्यवहार सरळ होता. तबकड्यांचा खप किती, श्रोता संघांची पत्रे काय म्हणतात, यावर गाणे वर चढे किंवा खाली उतरे. ते गाणे श्रेष्ठ आहे असा दावा त्यात नव्हता. ते चालते आहे, एवढेच सांगणे होते. आजच्या याद्या लोकप्रियता मोजत नाहीत, त्या गुणवत्ता ठरवतात. आणि गुणवत्ता ठरवायची म्हटले की कशाची गुणवत्ता, हा प्रश्न अटळ होतो. तो कुणी विचारत नाही. चाल, आवाज आणि 'अंगावर काटा' या तीन गोष्टींवर निकाल लागतो. शब्द आवडले तर 'शब्दही सुंदर' अशी एक पुरवणी जोडली जाते.

इतर चित्रपटगीतांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. बहुसंख्य चित्रपटांत गाणे हा कथेपासून सुटा करता येणारा भाग असतोच. निर्माताही तो तसाच विकतो. नव्या लाटेने बंड केले ते याच सुटेपणाविरुद्ध. हिंदीत मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारख्यांनी रूढ चित्रपटगीताकडे सरळ पाठ फिरवली. मराठीत तसे झाले नाही, आणि त्याचे कारण बघण्यासारखे आहे. मराठी नवी लाट रंगभूमीतून आली. जब्बार पटेल 'घाशीराम कोतवाल' (१९७२) करून 'सामना'कडे वळले. दोन्हींचे संगीत भास्कर चंदावरकरांचे. 'घाशीराम'मधली ब्राह्मणांची रांग गाते, नाचते आणि पडदाही होते. खून झाकायचा असतो तेव्हा कीर्तनच त्याच्या आड उभे राहते. पुढे १९७८ मध्ये थिएटर अॅकॅडमीने ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेला 'तीन पैशाचा तमाशा' केला, तोही पटेलांच्याच दिग्दर्शनाखाली. ब्रेख्तच्या नाटकातले गाणे प्रेक्षकाला गोष्टीत बुडू देत नाही, त्याला हलवून जागे करते. तमाशाचा आणि दशावताराचा वारसा असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागले नाही. म्हणजे आपल्या नव्या लाटेतले गाणे हे भाष्य आहे. आता भाष्य ज्यावर आहे ती गोष्ट बाजूला सारून केवळ भाष्याच्या गोडव्याला गुण देणे, हा व्यवहार कसला?

'सामना'चेच घ्या. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि त्याच्या वाड्यावर येऊन पडलेला, दारूत बुडालेला मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू. तेंडुलकरांची पटकथा. तिथे आरती प्रभूंचे गाणे येते, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने लादलेल्या ओझ्याविषयी. सहकाराच्या नावाखाली कुणाचे ओझे कुणी वाहिले, हे ज्या जिल्ह्यातल्या लोकांना निराळे सांगावे लागत नाही, त्या जिल्ह्यात हे गाणे 'तत्त्वचिंतनपर, गंभीर' असा शेरा मिळवून सातव्या-आठव्या पायरीवर बसते. आणि त्याच चित्रपटातली लावणी, लताबाईंच्या आवाजामुळे, त्याच्या बरीच वर.

'जैत रे जैत' (१९७७) तर या याद्यांचा सम्राट. ना. धों. महानोर, हृदयनाथ मंगेशकर, लता-आशा. मग पहिल्या पाचांतली तीन गाणी त्याचीच असतात. यांतले 'मी रात टाकली' पहिले की दुसरे, यावर आमच्यासमोर दोन मित्रांनी एकमेकांशी बोलणे सोडल्याचे उदाहरण आहे. परंतु त्या दोघांपैकी एकालाही आम्ही विचारले, की 'टाकणे' या क्रियापदाचे इथे काय झाले आहे, तर त्यांनी आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले.

जरा थांबून पाहू. मराठवाड्याच्या खेड्यात 'टाकलेली' हा शब्द कुणाविषयी वापरतात? नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईविषयी. 'टाकून दिली', 'टाकलेली आहे', 'तिला टाकली अन् दुसरी केली.' या वाक्यांत बाई कर्म असते, कर्ता नेहमी पुरुष. सभ्य मराठीत यासाठी 'परित्यक्ता' असा शब्द केला गेला. त्याने दुःखाला प्रतिष्ठा दिली, पण व्याकरण तेच ठेवले. महानोरांच्या गाण्यात बाई 'मी' म्हणते आणि टाकण्याचे काम ती स्वतः करते. चित्रपटातली चिंधी नवऱ्याला नाकारून नाग्याकडे येणारी ठाकर बाई आहे. आयुष्यभर जे क्रियापद बायकांवर चालवले गेले ते तिने हातात घेतले आहे. नव्या लाटेने मराठी गीताला काय दिले, असे कुणी विचारले तर आम्ही या तीन शब्दांच्या वाक्याकडे बोट दाखवू. हे चाल ऐकून कळत नाही असे नाही. मंगेशकरांची चाल त्या शब्दांना उलट बळच देते. पण चालीला दहापैकी साडेनऊ देऊन पुढच्या गाण्याकडे वळणाऱ्याला ते कळण्याची सवडच मिळत नाही.

यादीवाल्यांचा दुसरा आवडता मुद्दा 'अस्सलपणा'चा. 'जैत रे जैत'ची गाणी वर का, तर ती 'मातीतली, अस्सल आदिवासी' आहेत. कोणत्या मातीतली? कादंबरी गो. नी. दांडेकरांची, ठाकर कर्नाळ्याच्या परिसरातले आणि कवी पळसखेडचा. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यातला, अजिंठ्याच्या डोंगराखालचा. भोकरदनहून सिल्लोड ओलांडून गेले की त्या मुलखात माणूस शिरतो. आमच्या वर्गात भोकरदन-जाफराबादकडची जी मुले येतात, त्यांच्या घरच्या बोलीचे 'रानातल्या कवितां'शी (१९६७) नाते आहे. मराठवाडा आणि खानदेश यांच्या सीमेवरची ती भाषा कवीने सह्याद्रीतल्या ठाकरांच्या ओठी घातली. हे धाडस होते, आणि त्याची चर्चा व्हायला हवी: एका मुलखाची बोली दुसऱ्या समाजाच्या तोंडी घालण्याचा कवीला अधिकार किती? ठाकरांचे स्वतःचे शब्द त्यात किती उरले? हा खरा वाङ्मयीन वाद आहे. 'अस्सल' या एका विशेषणाने तो निकालात काढला जातो, कारण पुण्या-मुंबईच्या रसिकाला कर्नाळा आणि पळसखेड हे सारखेच 'गाव' वाटते. आणि खेद याचा, की आमची मुलेही आता तसेच बोलू लागली आहेत. स्वतःच्या आजीचे शब्द ती 'ग्रामीण बाज' म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात.

याच याद्यांत 'सर्जा' (१९८७) हमखास घुसतो. राजदत्तांचा तो ऐतिहासिक चित्रपट, नव्या लाटेशी त्याचा काही संबंध नाही; पण कवी आणि संगीतकार तेच, म्हणून चालून जातो. त्यातल्या पावसाच्या गाण्यात 'आबादानी' हा शब्द आहे. पावसाळी सहलीला जाताना मोटारीत हे गाणे वाजते आणि त्या शब्दाशी सगळे जण नुसते गुणगुणतात. फारसीतून दख्खनीत आणि तिथून आमच्या बोलीत आलेला हा शब्द. वस्ती, भरभराट, नांदतेपणा असा त्याचा अर्थ. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मुलखाने तो जपला आहे. रान आबाद होणे म्हणजे दृश्य हिरवे होणे नव्हे. माणसे गाव सोडून जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. २०१२-१३च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला घातल्या. त्या शेतकऱ्याच्या मुलाला पावसाच्या गाण्यांची 'मूडप्रमाणे' क्रमवारी लावायला शिकवणारी रसिकता आम्हाला मान्य नाही. महानोर स्वतः शेती करणारे होते, विधान परिषदेत शेती-पाण्याचे प्रश्न मांडणारे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजली म्हणून फिरल्या त्या पुन्हा गाण्यांच्या याद्याच.

'उंबरठा'तल्या 'सुन्या सुन्या'ला विरहगीत म्हणून गुण मिळतात. विरह कुणाचा? नोकरीसाठी घर आणि मूल मागे ठेवून सुधारगृहाच्या अधीक्षकपदावर गेलेल्या सुलभा महाजनचा. १९८२ सालच्या मराठी पडद्यावर अशा बाईला रिकामेपण सोसण्याचा हक्क मिळतो, हे त्या गाण्याचे मोल. बेनेगलांच्या 'भूमिका'ची (१९७७) अडचण आणखी मौजेची आहे. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या त्या चित्रपटात वनराज भाटियांनी जुन्या दशकांतल्या चित्रपटसंगीताच्या धर्तीवर मुद्दाम गाणी बांधली. यादीवाले त्यांना 'जुनाट वळणाची' म्हणून खाली ढकलतात! आणि 'फँड्री'च्या (२०१३) नावावर जे अजय-अतुल यांचे गाणे वरच्या पायरीवर मिरवते, ते प्रसिद्धीसाठी केलेले. चित्रपटात ते नाहीच. जब्याच्या गोष्टीत नसलेले गाणे जब्याच्या चित्रपटाचे सर्वोत्तम गाणे ठरते, याहून यादीच्या पद्धतीची परीक्षा आणखी काय व्हायची?

यावर आम्हाला मिळणारे उत्तर ठरलेले आहे: 'सर, हा खेळ आहे. इतके गंभीर कशाला होता?' काही जण पुढे जाऊन म्हणतात, याद्यांमुळेच नवी मुले ही गाणी ऐकतात. ऐकतात, हे खरे. आमच्या वर्गातली निम्मी मुले महानोरांच्या नावापर्यंत गाण्यामार्गेच पोहोचतात, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण दहाव्या क्रमांकानंतर त्यांचे ऐकणे थांबते आणि पहिल्या क्रमांकाविषयी त्यांचे मत आधीच तयार झालेले असते. यादी प्रश्न सुटल्यासारखे भासवते. आणि खेळ निरुपद्रवी असेल तर त्यात काही गाणी कधीच का येत नाहीत, हेही एकदा सांगावे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आठवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला हा मराठी चित्रपट गाण्याविषयीच आहे. नारायण कांबळे हा लोकशाहीर वस्तीत गातो. एक सफाई कामगार गटारात मरतो. शाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून शाहिराला पकडले जाते. गाणी संभाजी भगत यांची, शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार. मराठीतल्या कोणत्याही गाण्यावर इतका मोठा न्यायनिवाडा झालेला नाही. राज्ययंत्रणा त्याला धोकादायक मानते, सरकारी वकील त्यावर उलटतपासणी घेते, आणि ज्याच्यासाठी ते गायले तो श्रोता मेलेला आहे. आम्ही पाहिलेल्या सर्वोत्तम दहांच्या एकाही यादीत या चित्रपटातले एकही गाणे नव्हते. कारण विचारले तेव्हा एका जाणकाराने शांतपणे सांगितले, 'ते गाणे कुठे आहे, ते तर जलशातले.'

भीमजलशांची परंपरा ज्या मराठवाड्यात गावोगाव ऐकली गेली, तिथे बसून हे वाक्य उच्चारले गेले. यंदा पदव्युत्तर वर्गाला आम्ही चित्रपटगीतावर निबंध दिला आहे. क्रमांक लावण्यास मनाई आहे. प्रत्येकाने एकच गाणे निवडायचे, ते कुणाच्या तोंडी आहे, त्याच्या आधी आणि नंतर पडद्यावर काय घडते, आणि त्यातला कोणता शब्द आपल्या घरात अजून बोलला जातो, एवढेच लिहायचे. परतूरकडच्या एका मुलीने 'टाकणे' निवडले आहे आणि ती आईशी बोलून लिहिणार आहे.