काटकसर खिशाची करा, शरीराची नको

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळच्या गर्दीत एक आई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा बावीस वर्षांचा, नुकताच बी.एस्सी. झालेला. दोन मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून काशीला जाऊन आला होता. "डॉक्टर, याचे पोट बिघडले आहे, काहीतरी औषध द्या," एवढीच आईची तक्रार होती. तपासताना त्याच्या उजव्या पोटरीवर दोन खोल खुणा दिसल्या. वर हळद थापलेली.

"हे काय रे?" मी विचारले.

"काही नाही डॉक्टरकाका, लॉजच्या गच्चीवर माकड चावले. पाच दिवस झाले. भरत आले आहे."

"इंजेक्शन घेतलेस का?"

मुलगा खाली पाहू लागला. "लॉजवाला म्हणाला, खासगीत हजारो रुपये लागतील. माझ्याजवळ आठशेच उरले होते. आणि मित्र म्हणाला, माकडाच्या चावण्याने काही होत नाही."

पोटाचे औषध बाजूला ठेवून मी त्याला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवले. तेथे रेबीजची लस सुरू झाली, जखमेत सीरमही देण्यात आले. सगळे मोफत. त्याचे शेवटचे इंजेक्शन मागच्या पंधरवड्यात झाले आणि मुलगा आज ठणठणीत आहे. पण रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की वैद्यकशास्त्राच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. पाच दिवस हा मुलगा केवळ नशिबाच्या भरवशावर फिरत होता, आणि तेसुद्धा जे इंजेक्शन फुकट मिळते त्याचे पैसे वाचवण्यासाठी!

हे कळल्यावर त्याची आई म्हणाली, "आता याला कुठेही पाठवायची नाही." वाचकहो, माझे मत नेमके याच्या उलट आहे. मुलांना जरूर पाठवा. फक्त पैसे कोठे वाचवायचे आणि कोठे वाचवायचे नाहीत, एवढे शिकवून पाठवा.

थोडक्या पैशात परमुलूख पाहणे याला आता बॅकपॅकिंग म्हणतात. नाव नवे असले तरी गोष्ट जुनीच आहे. आपल्या वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी म्हणजे दुसरे काय? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरून निघाले ते पायीच उत्तर हिंदुस्थानात गेले. काशीला तर मराठी माणसाचा राबता शेकडो वर्षांचा आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या राहत आली. मात्र त्या काळी यात्रेला निघालेला माणूस परत येईलच अशी खात्री नसे. वाटेत पटकीची साथ लागली की माणसे पटापट जात. आज तशी परिस्थिती नाही. पण आजार तेच आहेत, आणि ते आजही पाण्यातून आणि चाव्यातूनच येतात.

मी उपदेश करतो आहे म्हणून स्वतःचेही सांगतो. १९९४ साली इंटर्नशिप चालू असताना आम्ही तिघे मित्र काशीला गेलो होतो. प्रत्येकाच्या खिशात सहाशे रुपये. लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून दोन रात्री फलाटावर झोपलो. पाणी दिसेल त्या नळाचे प्यायलो, उसाचा रस बर्फ घालून प्यायलो. सहा दिवसांत तिघांनाही काही झाले नाही. आपली प्रकृती दगडासारखी आहे अशा थाटात आम्ही परत आलो. महिन्याभराने माझे डोळे पिवळे झाले. कावीळ! दोन महिने अंथरुणात गेले, इंटर्नशिप तेवढी लांबली, आणि वडिलांना जो खर्च आला त्यात काशीच्या चार सहली झाल्या असत्या. दूषित पाण्याने कावीळ होते हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण ते लिहिण्यापुरतेच होते.

म्हणून माझे सांगणे असे, की परक्या शहरात तीन गोष्टींत काटकसर करू नये. पाणी, झोप आणि चावा.

पहिली गोष्ट पाणी. स्वस्तात फिरणारा माणूस पाण्याच्या बाटलीचे वीस रुपये वाचवतो आणि पुढे सलाईनला हजार घालवतो. सीलबंद बाटली घ्यावी, नाहीतर मुक्कामी पाणी उकळून मागावे. क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात आणि पाणी भरल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. बर्फ मात्र टाळावा, कारण बाटली स्वच्छ असली तरी बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोणी सांगत नाही. गंगेत स्नान करणे हा श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. पण नदीचे पाणी पोटात जाऊ देऊ नये. आतड्याला श्रद्धा कळत नाही.

खाण्याच्या बाबतीत स्वस्त म्हणजे वाईट असा समज चुकीचा आहे. काशीला सकाळी कढईतून निघालेली कचोरी, गरम जिलबी, कुल्हडातला उकळता चहा हे गरिबाचे खाणे आहे आणि पुष्कळसे सुरक्षितही. आपल्यासमोर तळलेले वा उकळलेले खावे. फळ आपल्या हाताने सोलावे, केळ्यासारखे उत्तम दुसरे नाही. भीती आहे ती कापून ठेवलेल्या फळांची, उघड्या चटणीची आणि बर्फ घातलेल्या लस्सीची. महागड्या हॉटेलातली दुपारची गार भाजी हातगाडीवरच्या गरम कचोरीपेक्षा वाईट असू शकते.

तरीही जुलाब लागले तर? मेडिकलच्या दुकानात जाऊन पाच रंगांच्या गोळ्या घेऊ नका. हाच मुलगा तशा गोळ्या खाऊन आला होता. प्रवासातले बहुतेक जुलाब तीन ते पाच दिवसांत आपोआप थांबतात. अँटिबायोटिकची गरज फार थोड्यांना असते. जुलाब एकदम बंद करणारी गोळी तर ताप असताना किंवा शौचात रक्त असताना घातक ठरू शकते. खरे औषध म्हणजे ओआरएस, आपली जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथे त्यांच्यात पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपात भरून लोकांना प्यायला दिले. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, तो आकडा चारच्या खाली आला. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. ज्या औषधाने हे घडले ते आज वीस-पंचवीस रुपयांत मिळते, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घालून घोट घोट प्यावे आणि चोवीस तासांत संपवावे. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे ना हे पाहावे. फळांच्या गोड पेयांचे खोके म्हणजे ओआरएस नव्हे. शौचात रक्त, जोराचा ताप, किंवा सहा-आठ तास लघवी नाही, यांपैकी काही झाले तर घरगुती उपाय सोडून रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट झोप. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर फिरायचे आणि पुन्हा रात्रीची गाडी धरायची, म्हणजे लॉजचे पैसे वाचतात, असा हल्लीच्या मुलांचा हिशेब असतो. मुंबईहून निघणारी महानगरी एक्सप्रेस काशीला पोहोचायला एक दिवसाहून अधिक वेळ घेते. जनरलच्या डब्यात तेवढा प्रवास केलेला माणूस स्टेशनवर उतरतो तेव्हा त्याचे डोके ताळ्यावर नसते. तोच फसतो, तोच पायरीवरून घसरतो, तोच बॅग विसरतो. मे-जूनमध्ये तिकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि घाट म्हणजे उन्हात तापलेला दगड. न झोपलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाला ऊन आधी लागते. म्हणून पहिल्या रात्रीची जागा निघण्यापूर्वीच ठरवावी. धर्मशाळा असो की डॉर्मिटरीतली खाट, स्वस्त चालेल, पण पाठ टेकायला हवी. फिरणे सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. बरोबरचा मित्र उन्हात असंबद्ध बोलू लागला, अंग तापून निघाले, तर तो थकलेला नसून त्याला उष्माघात झाला आहे असे समजावे. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चावा. कुत्रा, मांजर किंवा माकड, कोणीही चावले वा ओरखडले तर पहिली पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची असतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. नंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. काशीत कबीरचौऱ्याला सरकारी विभागीय रुग्णालय आहे, लंका भागात बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. प्रत्येक मोठ्या गावात अशी जागा असतेच. निघण्यापूर्वी तिचे नाव मोबाईलमध्ये लिहून ठेवायला काय हरकत आहे? आपण देवळांची आणि खाण्याच्या गाड्यांची यादी करतो, रुग्णालयाचे एक नाव मात्र कोणी लिहून घेत नाही.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता सोडून द्या. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडावर चार किंवा पाच वेळा, महिन्याभरात लस देतात. रक्त आलेल्या जखमेत त्याशिवाय सीरम भरतात. सहल अर्धवट सोडण्याचीही गरज नाही. पहिली सुई तिकडे घ्यावी, कार्ड जपून आणावे, पुढच्या सुया आपल्या ग्रामीण रुग्णालयात घ्याव्यात. उशीर झाला असेल तरी जावे. आता काय उपयोग, असे म्हणून घरी बसणे हीच सर्वांत मोठी चूक.

सरकारी रुग्णालयाबद्दल आपल्या मध्यमवर्गात जी नाखुशी आहे ती येथे जिवावर बेतते, असे माझे स्पष्ट मत आहे. रांग असते, कोणी गोड बोलत नाही, हे मान्य. पण परक्या शहरात, अपुऱ्या पैशात, अनोळखी माणसाला केसपेपरवर सुई टोचून देणारी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही.

पालकांना एक सुचवतो. मुलगा किंवा मुलगी निघताना लाडू-चिवड्याबरोबर एक छोटा डबा द्या. त्यात ओआरएसची चार पाकिटे, साबणाची वडी, पॅरासिटामॉल, मलमपट्टी, क्लोरीनच्या गोळ्या आणि दम्याचा पंप वा इतर नेहमीचे औषध असल्यास ते, दोन दिवस पुरून उरेल एवढे जास्तीचे. शिवाय पाचशे रुपयांची एक नोट वेगळी शिवून द्या, फक्त आजारासाठी. जमल्यास दोन आठवडे आधी टायफॉईडची लस टोचून घ्या. आणि परत आल्यावर महिना-दीड महिन्यात ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी अमुक गावी जाऊन आलो." आमचे निम्मे काम त्या एका वाक्याने होते.

एकनाथ महाराजांची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी खांद्यावर वाहिलेले गंगोदक त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. शेकडो कोसांच्या श्रमांचा हिशेब त्यांनी त्या वेळी केला नाही. समोरचा तहानलेला जीव पाहिला. आपण तर आपल्याच जिवाशी वीस रुपयांचा हिशेब करत बसतो. तो मुलगा दिवाळीनंतर हंपीला जायचे म्हणतो आहे. आईने माझे मत विचारले. मी सांगितले, "जाऊ द्या. डबा मात्र मी भरून देईन."